डोहाईचं बाळंतपण

बाटलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि घाटावरच्या झाडून सगळ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"पावली! डोहाई पावली!" भिकाजी गुरवानं दोन्ही हात आभाळाकडं नेले. "सायबांच्या बाटलीत दूध उतरलं बगा!"

साहेब म्हणजे नमिता मगदूम. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून नदीचं पाणी तपासायला अधिकारी येणार, एवढंच पत्रात होतं. म्हणून पंचायतीनं फेटा आणून ठेवलेला. जीपमधून पंचविशीची पोरगी उतरली तेव्हा सरपंच फेटा हातात धरून तसेच उभे राहिले आणि शेवटी त्यांनी तो ड्रायव्हरला बांधला. ड्रायव्हर दिवसभर तो मिरवत होता.

टाळ्या पडतात तेव्हा मी वाजवणाऱ्यांकडं बघत नाही. ज्याच्यासाठी पडतात त्याच्याकडं बघते. मगदूमबाईंनी बाटली उन्हात धरली, हलवली, पुन्हा धरली आणि दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन बाहेर येणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा उतरला. मग मी नजर फिरवली. अख्ख्या घाटावर टाळ्या न वाजवणारा आणखी एकच माणूस होता, सरोळकर शेठ. तो पिंपळाच्या पारावर बसून मिशीतल्या मिशीत हसत होता.

एक चेहरा उतरलेला आणि एक हसणारा. बाकी गाव नाचत होतं. काहीतरी उलटं झालंय, एवढं मला तिथंच कळलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पाणसरे गावाशी तिळवी नदी एका काळ्या खडकाला वळसा घालते, तिथं डोह आहे. काठावर डोहाईचं देऊळ. डोहातले मासे देवीचे. खडस म्हणतात त्यांना. हातभर लांब, रुपयाएवढ्या खवल्यांचे. त्यांना कुणी गळ लावत नाही, जाळं टाकत नाही. लोक येतात, नवस बोलतात, लाह्या टाकतात, मासे वर येऊन त्या गिळतात आणि माणसाला वाटतं, आपलं म्हणणं पोचलं.

त्या लाह्या विकायचं दुकान माझं. लाह्या, नारळ, हळदकुंकू, आणि कुणी मागितला तर चहा. आमचे मालक एसटीत कंडक्टर. ते गाडीत तिकिटं फाडायचे, मी घाटावर लाह्यांची मापं भरायचे. माप घेतलेला माणूस लाह्या कशा टाकतो ते बघितलं की मला तो कळतो. कोर्टात दावा असलेला माणूस सगळं माप एकदम उलटं करतो, त्याला घाई असते. नवं लग्न झालेलं जोडपं एकेक लाही टाकतं, संध्याकाळ सरू नये म्हणून. आमचे सरपंच मूठभर टाकून उरलेल्या खिशात घालायचे आणि घरी जाताना खायचे. सरोळकर शेठ स्वतः कधी टाकायचा नाही. तो टोपलीभर घ्यायचा आणि दुसऱ्यांना टाकायला लावायचा. म्हणजे पुण्य त्याचं आणि हात दुसऱ्याचे. असल्या माणसाला मी उधार कधी दिलं नाही.

तर त्या दिवशी गावानं काय केलं होतं ते सांगते. नदी तपासायला अधिकारी येणार म्हटल्यावर लोकांना वाटलं, नदी बघण्याचा कार्यक्रम आहे. पोरीला बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण तिला नटवतो, तसं त्यांनी तिळवीला नटवलं. आदल्या संध्याकाळपासून डेअरीतलं दूध ओतलं, साखर ओतली, हळद सोडली. माझं लाह्यांचं पोतं रिकामं झालं. फाल्गुन महिना, नदीची धार बारीक झालेली, डोहातलं पाणी जागचं हलत नव्हतं. सकाळी खडस वर येऊन पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासायला लागले तेव्हा भिकाजी म्हणाला, "बगा कसं आनंदानं गायला लागल्यात!"

गर्दी पांगल्यावर मगदूमबाई माझ्या दुकानात आल्या.

"काकी, चहा मिळेल?"

"मिळंल की. पर आदी सांगा, दूध उतरलं ते वाईट झालं न्हवं?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"माज्याकडं नवस फिटलेली येत्यात आन न फिटलेली पन येत्यात. तोंडं वळकाय येत्यात मला."

त्या बाकावर बसल्या. "पाण्यात हवा विरघळलेली असते काकी, मासे तीच घेतात. मी बाटलीत दोन औषधं घालते. हवा भरपूर असेल तर रंग तपकिरी होतो, काकवीसारखा. हवा नसेल तर पांढरा."

"म्हंजी आज डोहात हवाच न्हाई?"

"नसल्यातच जमा. दूध आणि लाह्या पाण्यात कुजतात, कुजताना सगळी हवा खाऊन टाकतात. ते मासे गात नव्हते. गुदमरत होते."

मी चहाचं भांडं खाली उतरवलं. काल रिकामं केलेलं पोतं दुकानाच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवलं होतं. त्याच्याकडं बघवेना.

"मग आता वो?"

बाईंनी दुकानात नजर फिरवली. माझ्या नारळांचे तीन ढीग होते. त्यांनी विचारलं, "हे असे वेगळे का लावलेत?"

"त्यो पैला देवीम्होरं फोडायचा. दुसरा घरात खायाचा. तिसरा सवंग, त्येलाच्या घाण्यावर जातोय."

"आम्ही नद्यांचं तेच करतोय. नदीचे पट्टे पाडायचे आणि एकेक पट्टा तपासून ढिगात टाकायचा. पहिला ढीग पिण्याच्या पाण्याचा. दुसरा मासे आणि पाण्यातले जीव जगतील अशा पाण्याचा. तिसरा शेतीला, कारखान्याला चालेल अशा पाण्याचा. तुमचा डोह दुसऱ्या ढिगात असायला हवा. आजच्या बाटलीनं तो तिसऱ्यात गेला."

"आन तिसऱ्यात ग्येला की?"

"वरच्या अंगाला काजूच्या टरफलांचं तेल काढायचा कारखाना येतोय ना?"

"सरोळकर शेठचा."

"त्यांनी सांडपाणी नदीत सोडायची परवानगी मागितलीय. दुसऱ्या ढिगातल्या नदीत ती मिळत नाही. तिसऱ्यातल्या मिळू शकते."

काजूच्या टरफलाचा चीक काय असतो ते आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. हाताला लागला तर कातडं सोलून निघतं. पिंपळाच्या पारावर शेठ का हसत होता ते मला तेव्हा कळलं.

"बाई, तिसऱ्या ढिगातला नारळ परत वर न्हाई घेत कुनी," मी म्हणाले.

"म्हणूनच एक संधी आहे. पुढच्या मंगळवारी दुसरा नमुना घ्यायचाय, मग पट्ट्याचा वर्ग कायम होईल. तोवर डोहात काही पडलं नाही तर डोह आपला आपण सावरेल. नदी वाहती आहे, थोडी का होईना. फक्त काही टाकू नका."

त्या सहज म्हणाल्या, 'फक्त'. डोहाईच्या डोहात काही टाकू नका असं पाणसऱ्यात सांगणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवू नका म्हणून सांगण्यासारखं होतं.

त्यातून संध्याकाळच्या आरतीला सरोळकर शेठनं जाहीर केलं, "आज देवीनं दूध दाखवलं. पुढच्या मंगळवारी साहेब परत येणार आहेत. त्या दिवशी माझ्यातर्फे डोहाईला दुग्धाभिषेक! पाच गावांच्या डेअऱ्यांतलं दूध आणतो!" गावानं पुन्हा टाळ्या वाजवल्या. भिकाजी गुरवाचे तर डोळे भरून आले.

मी आधी सरळ वाटेनं गेले. भिकाजीला गाठून बाटलीचं, हवेचं, ढिगांचं सगळं सांगितलं.

"सगुणा वैनी," तो म्हणाला, "पांढरं वाईट आन तपकिरी चांगलं? ह्ये कुटलं शास्तर? उद्या म्हनशीला, दूध सोडा आन गढूळ पानी प्या."

"आरं, मासं गुदमरून मरतील."

"देवीचं मासं! आन ते उपाशी ठिवायचं पाप कुनाच्या डोक्यावर? माज्या?"

पाच-सात जणांना सांगून बघितलं. एक म्हणाला, काकीला लाह्या महाग करायच्या असतील. दुसरा म्हणाला, शेठच्या अभिषेकात हिला लाह्यांचं काम मिळालं नाही म्हणून पोटात दुखतंय. मी घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडीत म्होरं सरका म्हणून वरडलं तर कुनी सरकत न्हाई. म्होरं जागा हाय म्हनलं की सरकत्यात." आणि घोरायला लागले.

पण मला वाट सापडली होती. लोकांना 'टाकू नका' सांगायचं नव्हतं. टाकू नये असं त्यांना आतूनच वाटेल, असं काहीतरी द्यायचं होतं.

सकाळी उठून मी चंद्राआक्काकडं गेले. चंद्राआक्का म्हणजे गावची सुईण. पाणसऱ्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, सरपंच धरून. त्यामुळं गावात ती कुणालाही 'काय रं बाळ्या' म्हणू शकायची. दारात बसून ती तंबाखू मळत होती.

"आक्का, बाळंतिनीला लाह्या चालत्यात का गं?"

"कुनाची पोर बाळंत झाली? मला कसं न्हाई बलीवलं?"

"डोहाई."

तिची बोटं थांबली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"डोहातली मासोळी व्याली म्हंतीस?"

"व्हय."

"पिल्लं बगितलीस?"

"बगितली म्हंजी..."

"म्हंजी न्हाई बगितली." तिनं तंबाखू दाढेखाली सरकवली आणि नदीकडं बघितलं. मग ती म्हणाली, "सरोळकराच्या टरफलाच्या धंद्यात माजी नात कामाला हुती. तिच्या हाताची बोटं बगितल्यात तू?"

"बगितल्यात."

"लाह्या न्हाई चालत," आक्का उठत म्हणाली. "पोट फुगतं. दूध तर अजाबात न्हाई. सगुणे, कडुलिंबाचा टहाळा तोडून आन. मोटा आन."

दुपारपर्यंत देवळाच्या दारावर आणि डोहाच्या पायरीवर कडुलिंबाचे टहाळे लटकले. बाळंतिणीच्या घरावर लावतात तसे. पायरीवर स्वतः चंद्राआक्का बसली, शेजारी गोवरीची धुरी. पहिली बाई लाह्या घेऊन आली, टहाळा बघून जागच्या जागी थांबली.

"काय गं आक्का, काय झालं?"

"डोहाई बाळंत झाली. बारा दीस पथ्य हाय."

बस. एवढ्यावर काम झालं. हवा, औषधं, ढीग, काहीच सांगावं लागलं नाही. बाळंतिणीचं पथ्य आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. ती बाई हळू आवाजात "व्हय का? सुकरूप हाय न्हवं?" म्हणाली, लाह्या पदरात बांधल्या आणि मागं फिरली. पाणवठ्यावर ही बातमी पोचायला जेवढा वेळ लागला, त्याहून कमी वेळात ती पुढच्या गावात गेली. दुसऱ्या दिवशी बायका डोहाच्या वरच्या वाटेनं जाताना बांगड्या वाजू नयेत म्हणून हात धरून चालायला लागल्या.

पुरुषांनी कुरकुर केली. कुणीतरी म्हणालं, हे सगळं सगुणाकाकीचं. तेव्हा मी दुकानाला फळी लावली आणि फळीवरही एक टहाळा खोचला. हे बघून लोक गप्प झाले. लाह्या विकणारी बाई लाह्या टाकू नका म्हणते आणि आपलं दुकान बंद करून बसते, तेव्हा तिच्या बोलण्यात काहीतरी असणारच, असा हिशोब माणसं करतात. मीही केला असता.

राहिला भिकाजी. तो तणतणत आक्काकडं आला.

"देवीला सोयर आलं तर मला पन सोयर आलं! बारा दीस पूजा न्हाई, आरती न्हाई, मी काय करू?"

"पाचवी कर," आक्का म्हणाली.

"काय?"

"बाळंतपन झालं की पाचवी नगं? पाटा-वरवंटा मांडायचा, सटवीला निवद दाखवायचा. गावातल्या सगळ्या बाया तुज्या घरी येतील, खन-नारळ घिऊन. तुजी बायको म्हायेरची मानूस म्हनून बसंल."

भिकाजी मनातल्या मनात काहीतरी मोजत उभा राहिला. अख्ख्या गावाचे खण-नारळ, तेही बायकोच्या ओटीत. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं पाप उतरलं.

"पाचवी तर कराय पायजेच," तो म्हणाला. "रीत हाय ती." आणि त्या दिवसापासून टहाळ्यांची राखण तोच करायला लागला. एका परगावच्या माणसानं लांबूनच मूठभर चुरमुरे फेकले तर भिकाजी काठी घेऊन त्याच्या मागं धावला.

मी रोज पहाटे जाऊन डोह बघायचे. दोन दिवस खडस तसेच तोंड वर काढून होते. मग एका सकाळी वर कुणीच दिसेना. म्हटलं, गेले. वाकून बघितलं तर खाली तळाशी, खडकाच्या सावलीत, सावकाश शेपट्या हलवत सगळे उभे होते. पाणी एवढं नितळ झालं होतं की खवले मोजता आले असते.

मंगळवार उजाडला. घाटावर उभं राहायला जागा नाही. मगदूमबाई आल्या, डोहाकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. त्यांनी पेटी उघडायच्या आत टेम्पोचा हॉर्न वाजला.

सरोळकर शेठ पांढऱ्या कपड्यांत, कपाळाला गंध, आणि टेम्पोत दुधाचे कॅन गच्च.

"चला, उतरवा!" त्यानं माणसांना सांगितलं. "आधी अभिषेक, मग तपासणी. साहेबांना पण देवीचं दर्शन होऊ दे!"

मगदूमबाई काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांचा हात दाबला. सरकारी माणूस बोलला असता तर गाव शेठच्या बाजूनं गेलं असतं.

पायरीवर चंद्राआक्का बसलेलीच होती. तिनं काठी आडवी केली.

"काय रं, कुटं निघालास?"

"आक्का, अभिषेकाला. तुम्ही बाजूला बसा बघू, भिजाल."

"बाळंतिनीच्या खोलीत बापय मानूस शिरतोय व्हय रं कुटं?"

मागं बायका खुदकन हसल्या. शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण गडी कच्चा नव्हता. त्यानं हात जोडले आणि आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बरोबर आहे आक्का! डोहाई बाळंत झाली, आनंदाची गोष्ट आहे. पण बाळंतिणीला दूध तर लागतंच ना? तुम्हीच सांगा आयाबायांनो, बाळंतिणीला दूध देत नाहीत का?"

प्रश्न नेमका होता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, भिकाजी माझ्याकडं बघायला लागला आणि पहिला कॅन पायरीपर्यंत आला. आठ दिवसांचं सगळं त्या कॅनच्या झाकणाखाली होतं.

"देत्यात की शेठ!" मी पुढं झाले. "बाळंतिनीला दूध देत्यात. पर तिच्या अंगावर वतत्यात व्हय?"

कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

"तुमच्या मंडळी बाळंत झाल्या तवा तुमी घागरभर दूध त्यांच्या डोस्क्यावर वतलं हुतं काय?"

आता सगळा घाट हसत होता. शेठचा ड्रायव्हरसुद्धा.

"बाळंतिनीच्या नावानं लेकुरवाळीला जेवू घालत्यात," आक्का काठी आपटत म्हणाली. "ही रीत. शेठनं पाच गावचं दूध आनलंय, लई मोटं मन. भिकाजी, चूल प्येटव. शेवयाची खीर कर. डोहाईच्या बाळंतपनाची खीर, सरोळकर शेठकडनं!"

"सरोळकर शेठकडनं!" बायका ओरडल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग टाळ्यांचा पाऊस पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघितलं. त्यात शेठचीच चुलती सगळ्यात पुढं होती. कॅन पायरीवरून उचलले गेले आणि देवळामागच्या चुलाणाकडं निघाले. शेठ तसाच हात जोडून उभा. आता ते हात सोडायचे कधी, हेच त्याला कळेना.

मगदूमबाई पाण्यात उतरल्या. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन बाटली बुडवून भरली, पायरीवर बसून एक औषध घातलं, मग दुसरं. झाकण लावून बाटली उलटीसुलटी केली. सगळा घाट वाकून बघत होता. मागच्या खेपेसारखं दूध उतरणार म्हणून भिकाजी हात वर करायच्या तयारीत.

बाटलीत एक ढग उठला. पिवळसर दिसला. मग गडद झाला. मग आणखी गडद, आणि खाली बसत बसत बाटलीत निव्वळ काकवी झाली.

भिकाजीचे हात निम्म्यातच राहिले. "अरारा," तो हळूच म्हणाला. "माती झाली."

सगळं गाव सुतकात गेलं. पण मगदूमबाई आणि मी, दोघी एकदम हसायला लागलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना चक्क मिठी मारली, ओल्या साडीसकट.

"अहो, हेच हवं होतं!" त्या ओरडल्या. "पाणी जिवंत आहे! उत्तम आहे!"

सरपंचांना काही समजलं नाही, पण अधिकारी हसतोय म्हणजे चांगलंच असणार, म्हणून त्यांनी टाळ्या सुरू केल्या. गाव लगेच सामील झालं. पारावर आता हसणारं कुणी नव्हतं.

बाई पेटी आवरायला पुन्हा कडेच्या उथळ पाण्यात उतरल्या आणि एकदम खाली बसल्या. मला वाटलं, पाय घसरला.

"काकी," त्यांनी वळून न बघता हाक मारली. "इकडे या. हळू या."

मी गेले. दगडांच्या कडेला, बोटभर पाण्यात, काहीतरी थरथरत होतं. आधी वाटलं ऊन हलतंय. मग उन्हाला डोळे दिसले. काळे, मोहरीएवढे. शेकडो, हजारो, काडीएवढी पिल्लं, सगळी तोंडं प्रवाहाकडं करून.

"खडसाची पिल्लं," बाई कुजबुजल्या. "इथं वीण होते, याचा पुरावा आहे हा. पट्ट्याच्या नावापुढं हे लिहिलं की या डोहाला तिसऱ्या ढिगात टाकणं कुणाला सोपं जाणार नाही. काकी, तुम्हाला आधीच कशी दिसली ही?"

मी मागं वळून आक्काकडं बघितलं. ती काठीवर हनुवटी टेकून शांत बसली होती.

"आक्का, खरंच व्याली गं!" मी तिच्या कानाशी जाऊन म्हणाले.

"मग? खोटं बोललीस व्हय तू मला?" तिनं पटकन डोळे मोठे केले आणि मग दात नसलेल्या तोंडानं अशी हसली, की मला अजून ठरवता आलेलं नाही, तिला आधी माहीत होतं का नव्हतं. "आता गुमान खीर खा. मंग बारशाचं बगाय पायजे. नावं लई लागतील."

पावसाळ्याआधी सरकारच्या प्रदूषण बोर्डाचा कागद आला. तिळवीचा पाणसऱ्याचा पट्टा मासे आणि जलचरांच्या वर्गात कायम. सांडपाणी सोडायला मनाई. सरोळकर शेठनं कारखाना काढला, पण खूप खाली, माळावर, आणि आधी पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून. त्यापायी तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या माणसांची बोटं मात्र आता बरी आहेत. मोजे देतो म्हणे.

टहाळ्यांची रीत पडली ती पडलीच. दर फाल्गुनात बारा दिवस दुकानाला फळी. बाकी वर्षभरही मी मूठभराच्यावर लाह्या एका माणसाला देत नाही; बाळंतिणीच्या पोटाचं निमित्त बारा महिने चालतं. प्रयोगशाळेतून आता दुसरेच लोक येतात. बाटली काकवी झाली की पोरं शिट्ट्या मारतात, आणि नवीन साहेब गोंधळून आमच्याकडं बघत राहतो.

पण मला खरी मजा वाटते ती त्याच्यानंतरची. त्या पहिल्या वर्षी खीर सरोळकर शेठकडनं झाली, म्हणजे तो मान त्याचा ठरला. गावानं एकदा मान दिला की तो परत करायची सोय नसते. दुसऱ्या वर्षी त्यानं टेम्पो पाठवला नाही तर खुद्द त्याची चुलती त्याच्या दारात जाऊन बसली. तेव्हापासून दर वर्षी दुधाचे कॅन वेळेवर येतात. शेठ आता म्हातारा झालाय, काठी घेऊन चालतो, चुलाणाजवळ खुर्ची टाकून बसतो.

यंदा त्यानं मला हाक मारली. हातात खिरीची वाटी होती.

"सगुणाबाई, जरा बघा बरं. गोड कमी झालीय का?"

मी चाखली. चांगली होती, पण मी थोडा वेळ लावला.

"बरी हाय," म्हणाले. "पर शेठ, म्होरल्या वर्षी दूध थोडं जास्त आना. पिल्लं लई झाल्यात."